काशिनाथकाकांचं ‘खाली’

भोपाळ,
रविवार, दुपार

प्रिय अलके,

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय. मुलगी झाली, नाकाडोळ्यांनी तुझ्यावर आणि रडण्यात बापावर गेली आहे, हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी लगेच डब्यातला गूळ काढून माझ्या हातावर ठेवला. शेजारच्या त्रिपाठीणबाईंनाही सांगून आले. सगळं केलं, उत्तर तेवढं लिहिलं नाही. तू म्हणशील, मनूताईची जीभ एवढी लांब, मग लेखणीला काय झालं? अगं, भीती वाटत होती. आणि नुसती लिहायचीच नव्हे, हल्ली मला सगळ्याचीच भीती वाटते. जिन्यावर कुणाची चप्पल वाजली की वाटतं, कारखान्यातून कुणी बोलवायला आलं. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होतं. काल भाजीवाल्याने नेहमीपेक्षा मोठ्याने हाक मारली, तर मी हातातली कोथिंबीर टाकून भिंतीला टेकून उभी राहिले. तो बिचारा म्हणाला, बाईजी, मैंने क्या किया.

लेकीचे बाबा, आपले दत्तूभाऊ, बरे आहेत, आधी ते सांगते. मंडीदीपचा त्यांचा कारखाना अजून बंदच आहे. रोज सायकल काढून फाटकापर्यंत जातात, तिथे बाकीच्यांबरोबर बसतात आणि परत येतात. स्वतः पोळ्या लाटतात, त्या पाहून आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तेव्हापासून संध्याकाळी त्यांना आमच्याकडेच जेवायला बसवतात. जेवताना ते एकच बोलतात. अलका आली की सगळं रांगेला लागेल, तिची क्रेन आहे ना. मला म्हणाले, मनूताई, तेवढं फोरमनसाहेबांच्या कानावर घालून ठेवा, तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून. मी हो म्हटलं आणि आमटी वाढायला उठले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं मला.

बातमी अशी की काशिनाथकाका रिटायर झाले. दसऱ्याच्या आधीच. तू असतीस तर रडून गोंधळ घातला असतास. हार घातले, घड्याळ दिलं, फोरमनसाहेबांनी भाषण केलं. काका मात्र भाषण अर्ध्यावर सोडून आपल्या क्रेनच्या शिडीपाशी जाऊन उभे राहिले आणि शिडीच्या पहिल्या पायरीवरून हात फिरवत राहिले. आठवतंय ना तुला, पहिल्या दिवशी त्या शिडीवर मी कशी अडकले होते? वर जाता येईना, खाली येता येईना. तू आयटीआय करून आलेली, भराभर चढून गेलीस. मी कारखान्याला दयेपोटी मिळालेली बाई. हे गेले म्हणून त्यांच्या जागी मला घेतलेलं, लोखंडाला कधी हात न लावलेली. खालून काका म्हणाले, पोरी, आकाशात नाही चाललीस, माळ्यावर चढतेस असं समज, वर पापडाचे डबे आहेत. आणि मी खरंच पापडाच्या डब्यांचा विचार करत चढले.

त्या माणसाने आपल्याला क्रेन शिकवली ती मराठीत. कारखान्यातल्या आपल्या सगळ्या शॉपमध्ये खलाशी म्हणून तो एकच आपला, वरुडकडचा. माल बांधायचा, साखळी अडकवायची आणि खाली उभं राहून आपल्याला इशारे द्यायचे. हाताचे इशारे तर सगळे खलाशी देतात, पण काका हाताबरोबर तोंडानेही बोलायचे. वर घे. पुढे ये. खाली. खाली. हळू गं. थांब. धुराने हात दिसला नाही तरी त्यांचा आवाज यायचा आणि आपला हात हँडलवर आपोआप चालायचा. आपण दोघी त्यांच्या आवाजावर क्रेन चालवत होतो, अलके, हे तेव्हा आपल्याला कळलं नाही.

त्यांच्या जागी नफीसभाई आले. दुसऱ्या शॉपमधून बदलून आलेले, पन्नाशीचे, जुन्या शहरातले. तोंडात पान आणि पानामागे काहीतरी टवाळी. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, बहनजी, ऊपर आप, नीचे हम, बीच में लोहा, अल्लाह सबकी खैर करे. माणूस कामाला चोख. माल बांधला की साखळीला दोनदा धक्का देऊन बघतो, कधी घाई नाही. मला वाटलं, चला, नशीब बरं आहे आपलं. दिवाळीनंतर अलका आली की तिलाही आवडेल हा माणूस, असंही मनात येऊन गेलं.

त्या दिवशी शेजारी वेल्डिंग चाललं होतं. धूर आणि तो डोळ्यांत घुसणारा उजेड. मोटरीचं मोठं लोखंडी कवच क्रेनला लटकत होतं आणि मी ते मशीनच्या पाटाच्या बरोबर वर आणून थांबवलं होतं. नफीसभाई खाली कुठेतरी होते, पण मला नीट दिसत नव्हते. लटकत्या मालाखाली जाऊ नये असं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय, पण माल टेकवायचे लाकडी गुटके सारखे करायला सगळेच खलाशी वाकतात, काकाही वाकायचे. एवढ्यात त्यांचा आवाज आला, “खाली है, खाली!” आणि मी माल सोडला.

तुझ्या लक्षात आलं का काय झालं ते? त्यांना सांगायचं होतं की पाट रिकामा आहे. मला ऐकू आलं काकांचं खाली. ‘है’ कानांत शिरलंच नाही. माल उतरत गेला आणि खालून असा एक आवाज आला की माझा हात गोठला. हँडल कसं मागे ओढलं ते आठवत नाही. धूर सरला तेव्हा पाहिलं, तर लाकडाचा जाड गुटका उभा चिरला होता आणि नफीसभाई त्याच्या बाजूला, वीतभर अंतरावर, जमिनीवर बसले होते. ते उठले, धोतरासारखी पँट झटकली, वर बघितलं आणि म्हणाले, “को बहनजी, आज हमारी बेगम की पिंसन चालू करवा रही थीं?” सगळे हसले. मी वर केबिनमध्ये बसून दातांवर दात आपटत होते, कानांपर्यंत आवाज येत होता माझा मला.

नफीसभाईंनीच सगळ्यांना सांगितलं की ब्रेक सरकला. इलेक्ट्रिशियन आले, सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. म्हणाले, कधी कधी होतं. मी मान हलवली. सांगायला हवं होतं, कळत होतं, पण नाही सांगितलं. तुला माहीत आहे आपल्याबद्दल काय बोलतात ते. बायकांना क्रेनवर बसवलं तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती. आता मीच सांगायचं की मला भाषा कळली नाही? घरी दोन मुलं, सासूबाई, हे क्वार्टर. दीर कोटऱ्याहून दर महिन्याला येतात आणि चहा पिता पिता म्हणतात, वहिनी, जड काम आहे हो, तुमच्याच्याने व्हायचं नाही, अजूनही मला सांगा. ती नोकरी त्यांना हवी होती, हे ते विसरले नाहीत आणि मीही नाही. मी गप्प बसले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. घरात हा शब्द किती वेळा येतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. पोरं म्हणतात, आई, खाली खेळायला जातो. सासूबाई म्हणतात, सुपारी खाली पडली बघ. दर वेळी माझं अंग शहारतं. आणि गंमत बघ, याच शब्दावर आपण केवढं हसलो होतो! आम्ही या क्वार्टरमध्ये यायच्या आधी इस्टेट ऑफिसचा माणूस सासूबाईंना म्हणाला होता, माताजी, क्वार्टर खाली है. आणि सासूबाई मुकाट्याने जिना उतरून तळमजल्यावरच्या सरदारजींच्या घरात जाऊन बसल्या होत्या. त्यांनी लस्सी पाजून परत पाठवलं. तू ते सोंग करून दाखवायचीस तेव्हा काकांनाही ठसका लागायचा. आता ती गोष्ट आठवली की हसू येत नाही. एक म्हातारी चुकीच्या घरात जाऊन बसते तिथपर्यंत ठीक होतं.

शेवटी मी नफीसभाईंना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर कडुनिंबाखाली एकटे बसले होते, तिथे जाऊन उभी राहिले. म्हटलं, ब्रेक नव्हता सरकला, मीच सोडला माल, आमच्यात नीचेला खाली म्हणतात. त्यांनी पान थुंकलं. माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होते, उलटेसुलटे करून. मग हळूच विचारलं, “और ख़ाली को क्या बोलते हैं आप लोग?” मी म्हटलं, रिकामं. त्यांनी दोनचारदा म्हणून पाहिलं, जमेना. मी म्हटलं, रितंही म्हणतात. तर एकदम मान वर केली. म्हणाले, आमची अम्मी बेगमगंजकडची, ती म्हणायची, मटका रीता पड़ा है. म्हणजे हा तर तुमचा आमचा एकच शब्द! आणि तिथल्या तिथे ठरलं, ते यापुढे रिकाम्याला रीता म्हणणार, आणि उतरवायचं असेल तर नीचे. ‘खाली’ हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. कुणाला काही सांगायची गरज नाही, असंही तेच म्हणाले.

दोन दिवस मी माणसात आले, अलके. ते खालून ओरडायचे, रीता है, रीता! बाकीचे खलाशी चेकाळले. कुणी म्हणे, नफीस मियाँ, ये रीता कौन है, भाभीजान को पता है? कुणी गाणं म्हणे. ते आणखी जोरात ओरडायचे. मी वर हसत होते, खरंच हसत होते. तुझ्या मुलीचं बारसं व्हायचं असेल तर आणखी काहीही नाव ठेव, रीता ठेवू नकोस, सगळी शॉप तिचं नाव घेऊन बसली आहे. त्याच दिवशी ठरवलं, आज घरी जाऊन अलकेला लिहायचं. काका गेले, नफीसभाई आले, त्यांचं खाली वेगळं आणि आपलं वेगळं, कान उघडे ठेवून चढ. एवढं सांगितलं की झालं, असं वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. हूक मोकळा होता, साखळी नुसती लोंबत होती, नफीसभाई पाणी प्यायला गेले होते. शेजारच्या ओळीतला खलाशी गोकुळ, तो उंच, त्याने कुणाला तरी विचारलं, ट्रॉली खाली है क्या? मला नाही विचारलं, माझ्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. आणि माझा हात हँडलवर गेला. हूक खाली निघाला. मला माहीत होतं गं! सगळं माहीत होतं, दिवसरात्र तोच एक शब्द डोक्यात घेऊन फिरत होते मी, तरी डोक्याला कळायच्या आधी हात हलला. मी दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि तशीच बसले. खाली कुणाच्याही लक्षात आलं नाही. पण त्या दिवशी मला जी भीती वाटली, ती गुटका चिरला तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा वाटलं होतं, चूक झाली. आता कळलं की ही चूक पुन्हा होणार आहे, कितीही जपलं तरी. काकांनी आपल्याला इतकं चांगलं शिकवलंय की ते आता आपल्या हातातून काढता येत नाही. आणि ‘आपल्या’ म्हटलं ना, तेव्हाच तू डोळ्यांपुढे आलीस. तू तर माझ्याहून चपळ. माझा हात हलतो त्याच्या निम्म्या वेळात तुझा हलतो. तुझ्याखाली गोकुळ असेल, नाहीतर नफीसभाई, नाहीतर कुणी नवीन पोरगा, ज्याला रीता माहीत नाही.

आता हे पत्र का लिहायला बसले ते सांगते. शुक्रवारी मी फोरमनसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. गुटक्याचं, हुकाचं, काकांचं. मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, उलट खुर्ची दिली. शांतपणे विचारलं, दूसरी मैडम भी मराठी हैं ना? उन्हें भी काशिनाथ ने ही सिखाया? मी हो म्हटलं. बोलून होईपर्यंत मला कळलंच नव्हतं मी काय करते आहे. ते म्हणाले, “तो दोनों को क्रेन से उतारना पड़ेगा.” मी हात जोडले, अलके. म्हटलं, मला उतरवा, ती आयटीआयची आहे, तिचा हात माझ्याहून चांगला आहे, तिची परीक्षा घ्या, नाहीतर खलाशांना शब्द बदलायला सांगा, नफीसभाईंनी बदललाच आहे. ते म्हणाले, दोन बायकांसाठी सगळ्या शॉपची बोली बदलू का? मला सोमवारपासून स्टोअरमध्ये बोल्ट निवडायला बसवणार आहेत. माझं काय, मी कायम आहे, बोल्ट निवडीन. तू अजून कायम झालेली नाहीस. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले की छुट्टी से आएँ, तब देखेंगे. तशी चिठ्ठी या आठवड्यात तुझ्या माहेरच्या, अमरावतीच्या पत्त्यावर निघेल. ती तुझ्या हातात पडायच्या आधी हे पडावं म्हणून लिहिलं. दत्तूभाऊंना अजून काही माहीत नाही. आज सकाळी येऊन तुझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन गेले, पार्सल करणार आहेत. मी त्यांच्या हातात नुसता डबा दिला. तू पत्र वाचलंस की तूच त्यांना सांग, किंवा मला कळव, मी सांगते. नफीसभाई युनियनकडे यायला तयार आहेत, तू आलीस की तिघं मिळून जाऊ, तुझी परीक्षा घ्या म्हणून धरणं धरून बसू, त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. तुझ्या आईला घाबरवू नकोस. मला हव्या त्या शिव्या दे. ज्यांच्यासाठी हे केलं ते नफीसभाईसुद्धा मला म्हणाले, “बहनजी, अपनी सहेली से एक बार पूछ तो लेतीं.” खरं आहे त्यांचं. पण तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मनूताई, मी येईपर्यंत थांब. आणि मी थांबले असते. म्हणून नाही विचारलं.

तू बोलली नाहीस तरी तुझीच,
मनूताई